उदबत्ती अक्षरातली लग्नपत्रिका

...तर ज्योत्स्नानं त्या माणसाला दुकानाबाहेर काढलं, रस्त्याच्या पलीकडे पानठेल्यापाशी उभं केलं आणि इकडून ओरडून म्हणाली, "आता वाचा भाऊ तुमची पाटी!"

काल जेवणाची हाक आली म्हणून गोष्ट इथंच तुटली होती. तो बिचारा पाळणाघर काढत होता. बायको लेकरं सांभाळणार आणि हा पाटी लावणार, अशी वाटणी. पाटीसाठी मोबाइलमधून अक्षर शोधून आणलेलं. जाड, लालभडक, आणि प्रत्येक अक्षराच्या बुडातून थेंब गळताहेत. भुताच्या सिनेमाला असतं ना, ते. ज्योत्स्नानं नमुना काढून दुकानाच्या काचेवर चिकटवला होता.

"मस्त उठून दिसते ना!" तो पलीकडूनच खूश.

"दिसते ना! मायच्या कडेवरचं लेकरू उठून पयते, एवढं उठून दिसते. भाऊ, तिथं लेकरं सांभाळता का खाता?"

यावर तो माणूस काय म्हणाला असेल? म्हणाला, "मंग थेंब थोडे कमी करा ताई."

तर असे लोक. आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत अशाच लोकांशी भांडत बसलेली ही बाई. अमरावतीत राजापेठेच्या एका गल्लीत तिचं दुकान आहे. पत्रिका, पाट्या, बॅनर. माझ्या मुलाचं घर तिथून जवळ, म्हणून माझी सकाळ त्या दुकानातल्या बाकावर जाते. पेपर वाचायला म्हणून जातो, पण वाचून होत नाही. पेपरपेक्षा तिथं जास्त घडतं.

ज्योत्स्ना ही नागसेनची मुलगी. नागसेन मूळचा पातूरकडचा, अकोल्याला एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचा. पोरगी शाळा सुटली की त्याच्याजवळ स्टुलावर बसायची. छापायचे खिळे उलटे असतात, त्यामुळे उलटं अक्षर ही पोरगी आधी शिकली आणि सुलटं मागाहून. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी सुलट्या अक्षरासाठीच बोटांवर छडी मारत, उलट्याचं तर नावच नको. पुढे तिनं चित्रकलेच्या मास्तरणीचा कोर्स केला. शाळेत जागा निघेना. लग्न होऊन अमरावतीला आली आणि दुकान टाकलं. नवरा मागच्या खोलीत बॅनर छापायचं मशीन चालवतो. त्याचं खरं नाव पत्रिकेवर काहीतरी भारदस्त होतं, पण बायकोसकट सगळी गल्ली त्याला पिंटूच म्हणते.

तिच्या दुकानात अक्षरांना नावं आहेत. कंपनीनं ठेवलेली इंग्रजी नावं कोण लक्षात ठेवणार? तिनं आपली ठेवली. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लागतं ते जाड, सावलीवालं अक्षर म्हणजे 'पहेलवान'. ग्रामपंचायतीच्या फलकावरचं, ज्याच्याकडे पाहूनच अर्ज नाकारल्यासारखं वाटतं, ते 'बाबू'. पहिलीच्या पुस्तकातलं गोल, स्वच्छ अक्षर म्हणजे 'गुरुजी'. लग्नाचं, पदर सोडलेलं, ते 'नवरी'. आणि एक अक्षर अगदी सडपातळ. त्याचे रफार आणि वेलांट्या वर जाता जाता वळतात, विरतात, बिनवाऱ्याच्या खोलीतल्या धुरासारख्या. त्याचं नाव 'उदबत्ती'. कोणी वारलं की ज्योत्स्ना मागं हाक देते, "पिंटू, उदबत्ती काढ!" आणि मशीन सुरू होतं.

माणसं फोटो घेऊन येतात. बसच्या पाटीचा, बिस्किटाच्या पुड्याचा, ट्रॅक्टरच्या मागचा. "ताई, हेच अक्षर पाहिजे." ती फोटो मोठा करते, 'श'चा कान पाहते, 'ल'चा पाय पाहते आणि खूण पटवते, जशी गावाकडची म्हातारी पोराचं नाक पाहून सांगते, तू अमक्याचा ना रे? ओळखण्यात तिला त्रास नाही. त्रास पुढं असतो. ओळखल्यावर ती म्हणते, "हे तुमच्या कामाले जमत नाई," आणि मग जुंपते. "आमचे पैसे, आमची पाटी, तुम्हाले काय करायचं?" असं गिऱ्हाईक म्हणतं. "मले दिवसभर पाहा लागते," असं ही म्हणते. मी कित्येकदा सांगितलं, "पोरी, जे मागतात ते दे अन् मोकळी हो." ती माझ्याकडे असं पाहते, की मी पेपर उघडतो.

आता वच्छलाबाईंचं सांगतो. तिथं तर मलाही हात टेकावे लागले.

ऐन लगनसराईचे दिवस. तिवस्याकडून पुंजाजी आणि त्यांची बायको वच्छलाबाई आली. पोरीचं, आकांक्षाचं, लग्न. मुलगा नितेश, अकोल्याचा. पुंजाजी बसायच्या आधीच सांगून मोकळे, "ताई, लगनाची पत्रिका. चांगली भरगच्च. अक्षर आमच्या घरच्यांनी पसंत करून आनलं हाये, मोबाइलमधी." आणि ते पंख्याखाली जाऊन घाम पुसू लागले.

वच्छलाबाईंनी पदराच्या टोकानं काच पुसून मोबाइल पुढं केला. फोटोत एकच शब्द होता, 'पार्वताबाई'. बाकी सगळं दुमडलेलं, आणि कोपऱ्यात काहीतरी पिवळट भुसकट.

ज्योत्स्नानं रफार पाहिला. 'ई'वरची शेंडी पाहिली.

"मावशी, हे लगनाचं नाई. हे उदबत्ती आहे."

"काय हाये?"

"मयतीचं अक्षर आहे हे. श्रद्धांजलीच्या बॅनरले लावतो आमी. हे नाव मीच छापलेलं दिसते."

पुंजाजी पंख्याखालून आले, मोबाइल हातात घेतला आणि लांब धरला.

"अव! हे तं आपल्या कुटारावरचं बॅनर!"

आमच्याकडे बॅनर फुकट जात नाही, हे सांगायला नको. चौकातून उतरलं की कोणाच्या गोठ्यावर, कोणाच्या गंजीवर. पुढारी पावसात गवत राखतात, तेवढंच काय ते काम करतात. तर वच्छलाबाईंची आई पार्वताबाई वारली, तेव्हा भावानं गावच्या चौकात बॅनर लावलं होतं. तेरवी झाल्यावर ते यांच्याकडे आलं आणि तुरीच्या कुटारावर, म्हणजे गुरांच्या भुशावर, झाकण म्हणून बसलं. फोटो दुमडला, तारीख दुमडली, 'कै.' दुमडलं. नाव तेवढं वर राहिलं.

"डोकं ठिकानावर हाये का तुहं?" पुंजाजी म्हणाले. "लगनाच्या पत्रिकेवर तेरवीचं अक्षर? सोयरे काय म्हनतीन?"

"कोन्या सोयऱ्याले कयते? अक्षर चांगलं हाये, एवढंच दिसन."

"कयते मावशी," ज्योत्स्ना म्हणाली. "नाव नाई सांगता येत, पन कयते. थांबा, दाखवतो."

तिनं कागदावर उदबत्ती अक्षरात छापलं : आकांक्षा, नितेश. आणि बाजूच्या टपरीवर चहा करते त्या चंदाला हाक मारली. चंदा चहा घेऊन आली. ज्योत्स्नानं काही न बोलता कागद तिच्यापुढं धरला.

"अगं माय व!" चंदाचा हात छातीवर. "दोघंही गेले? एकाच गाडीवर होते काय?"

पुंजाजी मटकन बाकावर बसले, माझ्या पेपरावरच. "पाह्यलं? लगनाच्या आधीच मारून टाकलं पोराले!"

मला हसू आवरेना, पण वच्छलाबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हणाल्या, "हे चहावाली हाये. तिले काय समजते?"

"मावशी, तिलेच तं समजते! पत्रिका तुमी काय प्रोफेसराले वाटनार आहे का?"

त्या दिवशी ज्योत्स्नानं पंधरा-वीस अक्षरं काढून दाखवली. नवरी. "नटवी हाये." गुरुजी. "शायेचं बोलावनं वाटते." पुंजाजींनी पहेलवान पसंत केलं, तर वच्छलाबाई म्हणाल्या, "पोरगी निवडनुकीले उभी नाई राह्यली." तीनदा चहा झाला आणि ती दोघं काही न ठरवता तिवस्याची गाडी पकडायला गेली.

चार दिवसांनी पुन्हा. मी बाकावर. पुंजाजी आत न येता दारातूनच म्हणाले, "समजावा इले काकाजी. माह्यानं होत नाई. घरात दोन येळा भांडन झालं अन् पोरगी रुसली ते अलग."

मी समजावलं. पाच-सहा गोष्टी सांगितल्या, त्यात माझ्या चुलतभावाच्या वरातीत बँडवाल्यांनी भलतीच चाल वाजवली तीही सांगितली. वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, माझा चहाचा कप उचलून बाजूला ठेवला, आणि ज्योत्स्नाला म्हणाल्या, "काढलं का मायचं अक्षर?"

"मावशी, तुमी हट्ट काहून करून राह्यल्या?" ज्योत्स्नाचा आवाज चढला. "दुसरं कोनी असतं तं मी हाकलून दिलं असतं! एवढी अक्षरं जगात पडली आहेत!"

तेव्हा ती बाई पहिल्यांदा लांबलचक बोलली.

"माह्या मायचं नाव कोठी धड नोतं बाई. रेशनच्या कार्डावर वाकडं, मतदानाच्या यादीत आर्धं. पाटलाच्या घरी तिले कोनी नावानं हाक नाई मारली, 'ए, इकडं ये,' बस. पयल्यांदा चांगलं नाव दिसलं ते या बॅनरवर. मी तं रडाचं सोडून पाहात राह्यलो. असं वाटे, हे नाव नाई, मायच उभी हाये, डोक्शावरचा पदर जरासा उडून राह्यला. आता रोज सकायी मी म्हशीले कुटार घालाले जातो. बॅनर उचललं का पयले माय दिसते. मी म्हनतो, चाल माय, म्हशी ओरडून राह्यल्या. तुमाले ते मयतीचं दिसते. मले सकायचं दिसते."

पुंजाजी दारात उभे होते ते रस्त्याकडे पाहू लागले.

ज्योत्स्नानं हातातले नमुने टेबलावर ठेवले. मग चिडली. पण आता गिऱ्हाइकावर नाही.

"हे मीच करून ठेवलं आहे, आबाजी," ती मला म्हणाली. "अक्षराचा काय दोष? कोन्या बिचाऱ्यानं काढलं असन एवढं नाजूक, कशासाठी काढलं कोनाले मालूम. मीच त्याले उचललं अन् मयतीले बांधलं. इतकी वर्षं दुसरं कुठं वापरलंच नाई. मी लावलं, माझं पाहून बाकी दुकानदारांनी लावलं. आता साऱ्या जिल्ह्यात ते दिसलं का लोक टोपी काढते."

मी म्हटलं, "मग फक्त आजीचं नाव त्या अक्षरात घे. वर आशीर्वादाच्या ओळीत, कै. पार्वताबाई म्हणून." मला वाटलं, सुटला गुंता. स्वतःवर खूश होऊन मी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

वच्छलाबाई म्हणाल्या, "अन् तिले एकटीले कोपऱ्यात बसवता काय? जलमभर तेच केलं लोकायनं."

गिळली सुपारी.

मग ज्योत्स्ना इरेला पेटली. मयतीचं काढून टाकायचं आणि अक्षर ठेवायचं. आधी तिनं काळा रंग काढला, कुंकवाचा लाल घातला, भोवती आंब्याची पानं घातली. चंदाला हाक. चंदानं पाहिलं, मान हलवली. "सवाष्ण गेली वाट्टे."

"बाहेर हो व!" ज्योत्स्ना ओरडली. पिंटू मागच्या खोलीत हसला, त्यालाही ऐकावं लागलं.

मग तिनं अक्षरच हातात घेतलं. दोन दिवस बाकीची कामं मागं टाकून ती त्याच्यावर बसली. अंग थोडं भरलं. वर विरणारी टोकं कापली, वेलांट्यांना गोल वळण दिलं, रफार खाली बसवला. लोक पत्रिकांसाठी दारात उभे, ही त्यांना "उद्या, उद्या" करते आहे. मी म्हटलं, "पोरी, एका पत्रिकेपायी दुकान बुडवशील." तर म्हणे, "आबाजी, पेपर वाचा."

वच्छलाबाईंना बोलावलं, त्या पुंजाजींसकट आल्या. त्यांच्यादेखत चंदाला कागद दाखवला. चंदा एकदम म्हणाली, "कोनाचं लगन आहे व?"

ज्योत्स्नानं असा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले. पुंजाजी म्हणाले, "झालं बाप्पा! छापा आता!" मीही टाळी वाजवली.

वच्छलाबाईंनी कागद हातात घेतला. त्यावर ज्योत्स्नानं मुद्दाम आजीचंही नाव छापलं होतं. बाईंनी नावावरून बोट फिरवलं, रफारापाशी थांबल्या, आणि कागद टेबलावर ठेवला.

"चांगलं हाये. पन हे माही माय नोय."

ज्योत्स्नानं जुना नमुना काढून त्या कागदाशेजारी ठेवला. तुम्हीच सांगा, काय करणार? ज्याच्यानं ते अक्षर आईचं होत होतं, त्याच्यानंच ते मयतीचं होत होतं. तो धूर काढला, तर दोन्ही गेलं.

वच्छलाबाई रागावल्या नाहीत. हट्ट केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी उचलली, म्हणाल्या, "जाऊ द्या बाई. लय तकलीफ दिली तुमाले. छापा तुमच्या मनानं, कोनतं बी," आणि पायात चपला सरकवू लागल्या.

"बसा," ज्योत्स्ना म्हणाली.

"नाई, गाडीची येळ झाली..."

"बसा म्हटलं ना मावशी!" तिनं हातातला पेन टेबलावर आपटला, तो उडून माझ्या पायाशी आला. "पिंटू! उदबत्ती काढ!"

आतून पिंटूनं विचारलं, "कोन गेलं?"

"कोनी गेलं नाई! लगन आहे! सगयी पत्रिका उदबत्तीत, काना-मात्रा न बदलता!"

पुंजाजींनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा ज्योत्स्नाकडे पाहिलं. मग उपरणं झटकलं. "मी उसाचा रस पेऊन येतो," असं म्हणून ते गेले, आणि पत्रिका छापून होईपर्यंत आलेच नाहीत.

खरं सांगतो, मला घोर लागला. वच्छलाबाईंचं समाधान झालं होतं, त्या गठ्ठा मांडीवर घेऊन गाडीत बसल्या असतील. पण पत्रिका पहिल्यांदा जाणार व्याह्यांकडे. तिथं कोणी चंदासारखं ओरडलं, तर वच्छलाबाईंना जन्मभर ऐकावं लागणार, की तुम्ही आमच्या पोराची तेरवी छापली. आणि आकांक्षाला तर त्याच घरात नांदायचं.

झालं तसंच. आठवड्याच्या आत नितेशची आई सुंदराबाई अकोल्याहून थेट दुकानात. अंगानं भारदस्त, हातात पत्रिका. पत्रिकेमागं दुकानाचं नाव छापलेलं असतं, त्यावरून आल्या. मागोमाग वच्छलाबाई, चेहरा उतरलेला. त्यांना सुंदराबाईंनी तिवस्याहून बोलावूनच घेतलं होतं. मी बाकावर जरा सरकलो. कोणी बसलं नाही.

"हे अक्षर कोनाच्या डोक्शातून निंघालं?" सुंदराबाईंनी पत्रिका टेबलावर टाकली. "माह्या जाऊनं पाकीट उघडलं अन् हात जोडले! देवाले नाई, मयताले जोडते तसे! मी इहीनबाईले विचारतो तं त्या खाली पाह्यते. कोनं निवडलं, नाव सांगा मले."

वच्छलाबाईंनी तोंड उघडलं. "मी..."

"मावशी, तुमी थांबा," ज्योत्स्ना म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

कामाला न जमणारं अक्षर जमतं असं ती आजवर कोणाला म्हणालेली नाही. पाळणाघरवाला थेंब कमी करा म्हणाला, तरी तिनं त्याला ते दिलं नाही. म्हणून ती आता काय बोलते, याकडे माझे कान लागले होते. ती जे बोलली त्यानं सुंदराबाईंचा आवाज खाली आला, त्यांनी पत्रिका उचलून पुन्हा नीट पाहिली आणि पिशवीत घातली. निघताना, "धाकट्याच्या लगनाले हेच ठेवजा, दुसऱ्या कोनाले देऊ नका," असं बजावून गेल्या. लग्न अकोल्याला थाटात झालं, मी जेवून आलो. अक्षरावरून कोणी चकार शब्द काढला नाही, उलट दोघातिघांनी पत्रिका जपून ठेवल्याचं ऐकलं. आता चौकात कोणी वारल्याचं बॅनर लागलं की मी मुद्दाम थांबून पाहतो. ज्योत्स्नाच्या दुकानातलं असेल, तर ते गुरुजी अक्षरात असतं.

तर त्या दिवशी ती काय म्हणाली, ते शब्दाला शब्द सांगतो :

"मी निवडलं, काकू. नवरीची माय तं नाईच म्हनत होती, मीच तिचं ऐकलं नाई. एवढं चांगलं अक्षर मयतीच्या कामात वाया चाललं होतं, म्हटलं एखादं चांगलं घर पाहून त्याले तिथून सोडवावं. तुमच्या नितेशच्या लगनापासून ते सुटलं. आता कोनी मेलं तरी मी ते देनार नाई."